एका गतीची सायकल आणि धाराशिवची वाट

धाराशिवच्या पेठेतील दुकानांच्या ओट्यांना टेकलेली ती काळी सायकल आता क्वचितच दृष्टीस पडते. सळईचे ब्रेक, मागे रुंद कॅरिअर, ना गिअर ना शॉकॲब्सॉर्बर. तिच्या कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार गाठणारी पिढीही आता थकली आहे. मात्र पौष-माघाच्या थंडीत लेणी आणि तेर एकाच दिवसात पाहावयाचे असतील, तर आजही तिच्याइतके समजूतदार वाहन नाही.

तिचा हिशेब सरळ आहे. पुढील चक्राला ४४ आणि मागील चक्राला १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे सरकते. चढावरही तितकीच, सपाटीवरही तितकीच. फरक सोसावयाचा तो स्वाराने. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीतसुद्धा गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस सर्वांसाठी मुभा मिळाली ती १९३७ साली; तोवर डोंगर आला की स्वार खाली उतरून मागील चाक उलटे बसवीत. दुसऱ्या बाजूचे चक्र लहान-मोठे असे, एवढीच सोय. फ्रीव्हीलही नसलेली ‘फिक्स्ड’ सायकल याहून कठोर. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या किरिन शर्यती अशाच, ब्रेक नसलेल्या सायकलींवर होतात. बंद धावपट्टीवर ते शोभते. बालाघाटाच्या उतारावर ब्रेकवाचून जाणे हा निव्वळ अविचार होय.

शहरापासून लेणी सुमारे ८ किलोमीटर. वाटेतील चढावर उतरून सायकल हाती धरण्यात काहीही कमीपणा नाही. पायी विहार करणारे मुनिमहाराज चार हात पुढील भूमी पाहून पाऊल टाकतात. सायकलस्वारास तेवढी दृष्टी लाभणे कठीण, पण मोटारीपेक्षा त्याला मुंग्यांची रांग निश्चितच लवकर दिसते.

दरीच्या कडेला कोरलेल्या लेण्यांत सर्पफणांच्या छत्राखाली पद्मासनस्थ पार्श्वनाथ विराजमान आहेत. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापुरानजीकच्या डोंगरातील लेणे आणि तेथील पार्श्वनाथांचे बिंब यांची कथा येते. डॉ. हीरालाल जैन यांनी हे काव्य संपादित करून १९३४ साली कारंजा येथून प्रकाशित केले व त्या कथेतील लेणी हीच, असे प्रतिपादन केले. दगड ठिसूळ झाला आहे, काही भाग ढासळला आहे. दर्शन घेऊन दहा मिनिटांत परतणाऱ्यांना हे जाणवत नाही. घाम वाळेपर्यंत तेथे बसणाऱ्याच्या मात्र ध्यानात येते की, पुढच्या पिढीला याहून कमी दिसणार आहे.

तेथून शहरात परतून तेर आणखी वीस-बावीस किलोमीटर. येथे निर्णय घ्यावा लागतो. चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकावयाचे असते, आणि एका गतीच्या सायकलीवर उशीर भरून काढता येत नाही. जोर लावला तरी तासाला चौदा-पंधरा किलोमीटर, त्यात हिवाळ्यातील ईशान्येचा वारा जाताना समोरून. दहाच्या आत शहर सोडले नसेल, तर तेर दुसऱ्या दिवसावर टाकावे हेच शहाणपण.

वेळेत पोहोचलेल्यास तेरणाकाठी व्यापाऱ्यांचे प्राचीन नगर भेटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात याचे नाव तगर. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर असलेल्या या नगरातून जाडेभरडे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोचच्या बंदरापर्यंत जाई. कापडाच्या धंद्यातील घराण्यांना ही नोंद वाचून आपल्या जुन्या वह्यांची आठवण व्हावी. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर, रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आणि गावातील महावीरांचे मंदिर एवढे पाहण्यास दोन तास पुरतात.

अडीचच्या सुमारास सायकल धाराशिवकडे वळवावी. सकाळी छातीवर आलेला वारा आता पाठीवर असतो, पाय अधिक वेगाने फिरतात, आणि सूर्य मावळतीला टेकण्यापूर्वी शहराची पहिली घरे दिसू लागतात.