उंची

आमच्या जुन्या जीपचे पाटे बदलून ती तीन इंच उचलावी काय, यावर आम्ही दोन पावसाळे खल केला. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडात शिरले, तळियेवर दरड कोसळली. तेव्हापासून उंच गाडी आम्हांस चैन वाटेनाशी झाली होती.

पोलादपूरचे मिस्त्री मात्र म्हणाले, "सर, पाट्यांनी बॉडी वर जाईल. डिफरन्शियल आहे तिथंच राहील." खडकाला प्रथम भिडते ते डिफरन्शियलच; ते वर न्यायचे तर टायर मोठे हवेत. टायर मोठे केले की आंबेनळीच्या चढात इंजिन धापा टाकणार, म्हणून क्राऊन-पिनियनही बदला. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजणार, आणि गुरुत्वमध्य वर गेलेली गाडी वळणावर कलंडण्याचे भय निराळेच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ही अशा फेरफारांच्या आड येते.

एकच गोष्ट बदलायला निघालो होतो. ती एकटी नव्हतीच. एक शब्द बदलताना सगळे वाक्य हलते, हे वर्गात सांगणाऱ्या आम्हांला ते गॅरेजात उमगले, याची थोडी लाज वाटली.

अखेर मूळ उंचीचेच नवे पाटे बसवले. भीती गेलेली नाही. पाऊस लागून राहिला की आता जीप आदल्या संध्याकाळीच चढावर नेऊन ठेवतो.