शब्दांचा गोठा

राग आला म्हणजे माणसाच्या मुखातून प्रथम एखादे जनावर बाहेर पडते, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. गाढव, बैल, माकड, टोणगा ही नावे सुशिक्षितांच्या घरांत दिवसाकाठी कितीदा तरी उच्चारली जातात. आणि त्या घरांच्या दाराशी यांपैकी एकही जनावर बांधलेले नसते. आमचा व्यवसाय इंग्रजी शिकविण्याचा. तथापि हिंगोलीकडच्या वर्गांत जी मराठी कानी पडते, तिच्यामुळे आमचे लक्ष वारंवार या गोठ्याकडे वळते.

काही अर्थ अगदी निरुपद्रवी आहेत. बंदुकीला घोडा असतो, पाठीच्या कण्याच्या शेवटास माकडहाड असते, आणि मांडी घालून फार वेळ बसले की पायाला मुंग्या येतात. रॉकेलच्या दिव्याला आपण चिमणी म्हणत आलो. पण ती चिमणी मूळची इंग्रजी, घरट्यातल्या चिमणीशी तिचे नाते केवळ आडनावबंधूचे. यांवाचून कोणाचे बरे होत नाही की वाईट होत नाही.

घुबडाची गोष्ट निराळी. हा मुलूख 1948 च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उर्दू शब्द येथे अजूनही सहज ओठांवर असतात. मराठीत ‘घुबड’ म्हटले की माणूस अशुभ आणि कुरूप ठरतो. तेच पाखरू ‘उल्लू’ झाले की निव्वळ मूर्ख. आणि आम्ही इंग्रजी पाठ वाचावयास घेतला की ते एकाएकी ज्ञानवृद्ध होते, कारण ग्रीकांच्या अथीना देवीचे ते पाखरू! एकाच तासात त्याने तीन जन्म घ्यावेत आणि त्याला त्याची वार्ताही नसावी! गुणदोष पाखराचे नव्हेत, बोलणाराचे.

बैलाच्या वाट्याला याहून मोठा अन्याय आला आहे. शेअरबाजारात इंग्रज ज्याला भाव चढविणारा मानतो, तो आपला बैल नव्हेच. तो वळू, कोणाचे न ऐकणारा. मराठी वृत्तपत्रांनी ‘तेजीवाला’ हा शब्द राखला हे शहाणपणाचे. आपला बैल मान खाली घालून जू घेतो, आणि नेमक्या याच गुणामुळे शहरात त्याचे नाव मंदबुद्धीच्या मुलास मिळते. खेड्यात ऐका. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने त्याचे खांदे मळतात, श्रावणी अमावास्येला त्याच्या तोंडी पुरणपोळी देतात. आणि घरातला म्हातारा गेला की ‘बैलावाणी राबला हो’ असे म्हणताना आयाबायांचा कंठ दाटून येतो. शब्द तोच. एक जण तो दुरून फेकतो, दुसरा जवळून उच्चारतो, एवढेच.

तसे पाहिले तर या अंतराची उत्तम कथा आमच्याच जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथाच्या देवळात नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा भेटले, असे परंपरा सांगते. या विसोबांनी ज्ञानदेवादी भावंडांचा आधी पुष्कळ छळ केला होता. पुढे पश्चात्ताप होऊन ते त्यांचे उष्टे खावयास धावले, तेव्हा त्यांना ‘खेचर’ म्हणून झिडकारण्यात आले. खेचर म्हणजे गाढव-घोडीचे संकरित जनावर. (आकाशात संचार करणारा, असाही त्या शब्दाचा अर्थ आहे व तो सिद्धपुरुषास शोभतोही, पण आम्हास लोककथेतले जनावरच अधिक प्रिय.) दुसरा कोणी असता तर त्याने तो शब्द मनात ठेवून वैर धरले असते. विसोबांनी तो नावापुढे लावून घेतला. सातशे वर्षे झाली, वारकरी त्यांना आदराने विसोबा खेचर म्हणतात, आणि त्यात शिवी होती याची कोणास आठवणही होत नाही. अशा गुरूच्या शिष्याने पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावावे, यात नवल ते काय? नरसीला, नामदेवांच्या जन्मगावी, ‘कुत्रा’ हा शब्द शिवी म्हणून वापरताना माणसाने थोडे तरी थबकावे, असे आम्हास उगीच वाटते.

मात्र जवळून बोलणारेच आता कमी होत चालले आहेत. गेल्या वर्षी वर्गात सहज ‘यात एक गोम आहे’ असे वाक्य आमच्या तोंडून गेले, आणि गोम म्हणजे काय, असे आम्ही विचारले. ‘अडचण’, ‘खोच’, ‘लफडे’ अशी उत्तरे आली. एकाने बहुपाद किड्याचे नाव घेतले. शेवटच्या बाकावरचा सेनगावकडचा एक मुलगा मात्र उठून म्हणाला, “सर, बैलाच्या अंगावर केसांची उलटी ओळ असते, ती गोम. वाईट जागी असली की बाजारात गिऱ्हाईक मागं फिरतं.” वर्ग हसला. आम्हास दाते-कर्व्यांचा कोश उघडण्याचे कारणच उरले नाही.

तास संपल्यावर आम्ही त्याला घरच्या जोडीविषयी विचारले. लाल कंधारी होती, म्हणाला. दोन वर्षांपूर्वी विकली, नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. पोळ्याला आई मातीचे बैल आणून पुजते. त्याचा धाकटा भाऊ सात वर्षांचा आहे. त्याला गोम दाखवायची तर शेजाऱ्याच्या गोठ्यात न्यावे लागते, आणि शेजारीही जोडी काढण्याच्या विचारात आहे.