दिलेलं झाड

मनीप्लांटची फांदी चोरून आणली तरच ती जोमानं वाढते, असं आपल्याकडे अगदी ठामपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्यांत चांगली शिकलेली माणसं असतात, आणि शेजारच्या जिन्यातून जाता जाता एखादं पेर त्यांनी खुडलेलंही असतं. आमच्या मंडळात ही समजूत टिकणं कठीण, कारण इथे चोरायला सवडच मिळत नाही. नजर एखाद्या झाडावर जरा रेंगाळली की घरची बाई कात्री घेऊन उठते. “ही नको, ही फार कोवळी आहे. ही घ्या, पेन्सिलीएवढी झालीये. चार डोळे आहेत, दोन मातीत जाऊ द्या.”

कोथरूडच्या आमच्या भागात पूर्वी शेतं होती. आता इमारती आहेत, त्यांच्या गच्च्या आहेत, आणि गच्च्यांवर आम्ही. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, आधी सगळी झाडं फिरून बघायची आणि मग चहा घ्यायचा, हा क्रम मात्र कधी चुकत नाही. झाडं बघण्याआधी चहा पुढे आला तर आमचे एक निवृत्त बँकवाले काका कप कठड्यावर ठेवून देतात. जास्वंदीच्या पानांची मागची बाजू उलटून पाहिल्याशिवाय त्यांना घोट घेववत नाही. पिठ्या ढेकूण लपतो तो तिथेच, पानाच्या देठाशी, कापसाच्या बारीक पुंजक्यासारखा. काका तो बोटानं पुसतात, बोट धोतीच्या सोग्याला नव्हे, खिशातल्या वेगळ्या फडक्याला पुसतात, आणि मग सांगतात, “वहिनी, निंबोळी तेल संध्याकाळी फवारा. दुपारी नको, पान करपेल.”

आमचं वर्ष पानगळीपासून सुरू होतं. माघ-फाल्गुनात रस्त्यांवर शिरीष, पिंपळ, बदाम यांची पानं पडायला लागली की पोती बाहेर निघतात. सफाई करणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवलेलं असतं: जाळू नका, आम्हाला द्या. जाळलेल्या पाल्याचा तो कडवट धूर ज्यांनी लहान मुलांच्या दम्यात ऐकला आहे, त्यांना या पोत्यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पोती गच्चीवर येतात, पिंपात किंवा विटांच्या जाळीदार हौदात रिकामी होतात. वर स्वयंपाकघरातली सालं, थोडं शेण, ताकाचं पाणी. पावसाळा संपेतो खाली काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची माती तयार.

ही रीत आमची नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. शेतीत त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाचं एक वेगळंच घराणं उभं केलं. त्यात कुणी गुरू नव्हता आणि कुणी शिष्य नव्हता. एकाच्या वेलीवर जे दिसलं ते दुसऱ्यानं आपल्या वेलीवर करून पाहायचं आणि पुन्हा सगळ्यांना कळवायचं. तासगावच्या द्राक्षबागायतदारांच्या कर्तबगारीत या परिवाराचा मोठा वाटा आहे. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक आमच्याकडे इतक्या हातांतून फिरलंय की त्याच्या पानांना मातीचा रंग आला आहे. शहरातल्या माणसाला त्यांनी दिलेला धीर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शेती करायला शेत लागतंच असं नाही. ऊन, काडीकचरा आणि रोजचं लक्ष एवढं पुरतं. त्यांच्या वाटेनं जात मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांच्या आधारानं भाज्या आणि फळं पिकवून दाखवली. मातीची पोतीच्या पोती वर चढवली तर स्लॅबला भार होतो. चिपाडं आणि पाला हलके, पाणी धरून ठेवणारे आणि फुकट. आजही आमच्यातले दोघे-तिघे कोपऱ्यावरच्या रसवंतीतून चिपाडं घेऊन येतात. रसवाल्यानं एकदा विचारलं, “ताई, एवढी चिपाडं नेता तरी कशाला?” पुढच्या खेपेला त्याला त्या चिपाडांतली भेंडी नेऊन दिली. आता तो आमच्यासाठी पोतं बाजूला काढून ठेवतो.

पण मंडळाचा खरा सण आषाढात. मृगाचे पाऊस होऊन गेलेले असतात, हवा दमट असते, कापलेली फांदी सुकत नाही. त्या रविवारी गच्चीवर सतरंजी अंथरली जाते आणि तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं हिरवं धन येऊन पडतं. गवती चहाचे ठोंब, अळूचे कंद, आंबेहळद, सोनटक्क्याचे गड्डे, शेवंतीचे फुटवे, पानओव्याच्या काड्या, मधुमालतीच्या मुळं फुटलेल्या फांद्या, दुधाच्या पिशवीत रुजवलेला कढीपत्ता. काड्यापेटीत कृष्णतुळशीच्या मंजिऱ्या. पाकिटांवर शाईनं लिहिलेलं: ‘गोकर्ण, पांढरी, दुहेरी पाकळी’. पैशाचा व्यवहार नाही, आणि अमक्याच्या बदल्यात तमकं असाही हिशेब नाही. जो देतो तो घेतोच असं नाही. कुणी नुसतं बघायला येतं आणि पिशवी भरून जातं.

झाडांना हे देणं आपल्यापेक्षा आधीपासून येतं. अबोलीचं वाळलेलं बोंड पाण्याचा थेंब लागला की तडकतं आणि बी दूर उडवतं. आमच्या खालच्या मजल्यावर कुणीही न लावलेली अबोली उभी आहे, ती अशीच वरून उतरलेली. गौरींसाठी तेरडा लावावा तर तो पुढच्या वर्षी शेजारच्या कुंड्यांत उगवतो, कारण त्याचं पिकलेलं बोंड नुसत्या बोटाच्या स्पर्शानं फुटतं. मुलं तर त्यासाठीच तेरड्याजवळ जातात.

आणि ब्रह्मकमळ! आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक घरात ते आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. हे निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. आपण ज्याला त्याचं पान म्हणतो ते खरं तर चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर ते मातीत खोचलं की मुळं धरतं आणि पुढे त्याच्याच काठावर कळी येते. हे कळल्यापासून मला एक विचार सोडत नाही. बियांपासून आलेलं रोप हे नवं बाळ असतं, आईबापांपेक्षा निराळं. काडीपासून आलेलं रोप तसं नव्हे. ते तेच झाड असतं, फक्त दुसऱ्या कुंडीत उभं. आमच्या भागातली बहुतेक ब्रह्मकमळं एका आजींच्या कुंडीतून निघाली. म्हणजे आजी, त्यांच्या समोरच्या ताई, मागच्या गल्लीतले डॉक्टर, रिक्षा स्टँडजवळचे इस्त्रीवाले दादा या सगळ्यांच्या घरी झाड एकच आहे. पावसाळ्यात एखाद्या रात्री नऊच्या सुमारास फोन यायला लागतात, “आमच्याकडे उमलतंय, येताय ना?” आणि बहुतेकदा त्याच आठवड्यात दुसरीकडेही कळ्या टपोऱ्या झालेल्या असतात. इस्त्रीवाल्या दादांच्या दोन खोल्यांत त्या रात्री बसायला जागा नसते. त्यांच्या घरून हळदीकुंकू लावून फुलाला नमस्कार करून निघताना एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसं जिन्यात उभी राहून बोलत असतात. सकाळी फूल मान टाकतं. तोवर कुणीतरी नवं पान मागून ठेवलेलं असतं.

बाकी वर्षभर बारीकसारीक कामं चालूच असतात. एकदा गुलाबाचे डोळे भरायला शिकवलं जातं: खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, तिच्यात सरकवलेला डोळा, वर पट्टी. एकदा गुटी कलम. भुरी आणि मावा यांवर दर वेळी तीच चर्चा, आणि ताकात हिंग कालवून फवारावं की नाही यावर दर वेळी तेच दोन पक्ष. दिवाळीनंतर हंगामी फुलांची रोपं आणायला सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनकडच्या रोपवाटिकांत जायचं. जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला, एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन. ती बाग सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० साली स्थापन झाली. एवढ्या जुन्या संस्थेच्या महावेलींखालून चालताना आपली कुंडी फार लहान वाटते, आणि तरीही तिथल्या स्पर्धेत आपली कुंडी ठेवावीशी वाटते. मला स्वतःला बक्षिसाच्या फितीचं फारसं वेड नाही. प्रदर्शनातली डेलिया डोळे दिपवते, पण तिच्याशी बोलणं होत नाही. मला त्या दालनापेक्षा बाहेरच्या झाडाखाली डबे उघडून बसलेल्या माणसांत जास्त रस असतो. तिथे कुणीतरी अनोळखी काकू आपल्या पिशवीतून बटमोगऱ्याची गुटी काढून शेजारणीला दाखवत असतात.

बटमोगऱ्यावरून सांगायलाच हवं. आमच्यातल्या एक काकू गेल्या. गच्चीभर बाग होती त्यांची, आणि मुलगी लांब परदेशी. घर विकायचं ठरलं, नव्या मालकांना गच्ची रिकामी हवी होती. आम्ही कुंड्या वाटून घेतल्या, पण मे महिना होता, हलवाहलवीत बरीच झाडं दगावली. काकूंचा मोगराही त्यातच गेला. पुढे मुलीचा फोन आला. आईच्या ओच्यात सकाळी असायची ती फुलं, त्या मोगऱ्याचं काही राहिलंय का? फोन घेणाऱ्या ताईंना बोलवेना. मग त्यांनी यादी काढली. काकूंनी तो मोगरा कुणाकुणाला दिला होता? मंडळातल्या एकीला. तिनं तिच्या सासरी, साताऱ्याला. तिसरी फांदी शाळेतल्या शिपाईमामांना, त्यांनी ती शाळेच्या फाटकाशी लावली होती. तीनही जिवंत. शाळेच्या फाटकावरचा तर सुट्टीच्या उन्हातही भरून फुललेला. पुढच्या हिवाळ्यात मुलगी आली तेव्हा छाटणीची वेळ होतीच. झाड सोबत नेता येणार नव्हतं, परदेशाचे नियम कडक. ती फाटकाशी उभी राहिली, आणि शिपाईमामांनी आपली कात्री तिच्या हातात दिली. त्या वर्षीची छाटणी तिनं केली. काड्या आम्ही सगळ्यांनी घेतल्या.

काकूंनी स्वतःपाशी राखलेलं झाड गेलं. दुसऱ्यांना दिलेलं राहिलं. मी बागकामाविषयी पुष्कळ वाचलं आहे. राखायचं असेल तर वाटावं लागतं, हे मला या मोगऱ्यानं शिकवलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे हेच फार मोठ्या प्रमाणावर करतात. गावठी वाल, घेवडे, भात, भाज्या यांचं बियाणं त्यांनी जपलं, आणि ते डब्यात कोंडून ठेवलं नाही. बी न्यायचं, पेरायचं आणि पिकलं की दुप्पट परत आणून द्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या गच्चीवर पेढे वाटले गेले. बाजारातल्या चकचकीत पाकिटातल्या संकरित भाजीचं बी धरून पुन्हा पेरलं तर येणारी भाजी आईसारखी निघेल याचा भरवसा नसतो. दर वर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. ते पाकीट घेऊ नये असं मी म्हणत नाही, शेतकऱ्याला उत्पन्न लागतं. पण निदान आमच्या कुंड्यांत तरी असं काही असावं जे मूठभर परत देता येईल. म्हणून आमच्याकडे प्रत्येक वेलीवर पहिला चांगला दोडका भाजीसाठी काढत नाहीत. त्याला दोरा बांधतात. तो पिकून, वाळून, खुळखुळेपर्यंत वेलीवरच राहतो. घरच्या सुना आणि जावयांनाही तो दोरा माहीत असतो.

गेल्या आषाढात एक नवं जोडपं आलं. नोकरीसाठी नांदेडहून पुण्यात, भाड्याचं घर, गच्चीला कुलूप, स्वयंपाकघराला एक खिडकी. सतरंजीच्या कडेला दोघं अवघडून उभी होती. “आमच्याकडे द्यायला काहीच नाही हो,” ती म्हणाली. काकांनी तिला खिडकीचं तोंड कुठे, हे विचारलं. पूर्वेला. किती वाजेपर्यंत ऊन? नऊ, साडेनऊ. मग पानओवा, पुदिना आणि गवती चहाचा एक ठोंब तिच्या पिशवीत गेला. पुदिन्याचं पाणी तुटू देऊ नको, असं तीन जणींनी तीनदा सांगितलं. तिची नजर मोगऱ्याच्या काड्यांवर होती, ती सगळ्यांनी पाहिली. काका म्हणाले, “बेटा, याला दिवसभराचं ऊन लागतं. खिडकीत तो जगेल, फुलणार नाही. तुमच्या सोसायटीला पत्र लिहून गच्चीचा एक कोपरा मागू. अर्ज मी करून देतो, सह्या गोळा करायला या दोघी येतील. तोवर तुझी काडी माझ्याकडे रुजते आहे, असं समज.”

अर्ज गेला आहे. सोसायटीच्या चिटणीसांना गळतीची काळजी आहे, म्हणून आता आमच्यातले एक इंजिनिअर काका कुंड्यांखाली विटा कशा लावायच्या याचा नकाशा काढून त्यांना भेटायला जाणार आहेत. जाताना बरोबर कढीपत्त्याचं एक रोप न्यायचं ठरलं आहे, चिटणीसांच्या घरासाठी.