आंबोलीचा पाऊस आणि गाडीतला कुबट वास

पावसाळ्यात कोकणात उतरायचं तर वाट आंबोलीचीच धरावी, असं माझं मत आहे. कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर करत आजरा गाठलं, की पुढे हवा बदलल्याचं डोळ्यांआधी नाकाला कळतं. भाताची खाचरं, ओली माती, मधूनच एखाद्या घरातल्या चुलीचा धूर! आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवर, अगदी सह्याद्रीच्या कडेला वसलेली. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे डोंगराला अडतात आणि मनसोक्त कोसळतात. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते ती उगीच नाही. आषाढ-श्रावणात धुकं असं उतरतं, की दहा पावलांवरचं माणूस दिसेनासं होतं.

धबधबा तर सगळेच पाहतात. तुम्ही मात्र सवड काढून हिरण्यकेशीला जाच. तिथे पार्वतीचं मंदिर आहे आणि गुहेतून नदीचं पाणी बाहेर येतं. गंमत म्हणजे कोकणचा समुद्र इतका जवळ असून ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते. पूर्वेला वाहत जाऊन कर्नाटकात घटप्रभेला मिळते आणि शेवटी कृष्णेच्या पाण्याबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. इथल्या पाण्यात एक चिमुकला मासा राहतो. शास्त्रज्ञांनी २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि नाव ठेवलं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. त्याच्यासाठी २०२१ मध्ये हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तेव्हा पाण्यात निर्माल्य टाकायचा किंवा साबणाने हातपाय धुवायचा मोह आवरायला हवा, बरं का!

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंचा एक नियम मला फार आवडला. ओली वस्तू मिटून ठेवायची नाही. छत्री मिटून कोपऱ्यात नाही, टॉवेल घडी करून नाही, पोळपाटसुद्धा धुतल्यावर भिंतीला टेकवून उभा. “भिजण्यानं काही बिघडत नाही, भिजलेलं झाकून ठेवण्यानं बिघडतं,” असं त्या म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी ते आमच्या गाडीला लागू पडलं.

सकाळी सावंतवाडीला निघालो. लाकडी खेळणी घ्यायची, मोती तलाव पाहायचा असा बेत. सोबत माझ्या सासूबाई, त्यांना दम्याचा त्रास. घाटात काच आतून धुरकटली म्हणून ह्यांनी एसी लावला आणि गाडीभर कुबट वास पसरला. बंद माळ्यावरच्या गोधडीला येतो ना, तसा. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. ह्यांनी झटकन सुगंधाची डबी उघडून समोर ठेवली, तर त्यांचा खोकला आणखीनच वाढला. शेवटी सुरक्षित जागा बघून गाडी थांबवली, काचा उघडल्या, औषधाचा पंप दिला. त्यांचा श्वास पुन्हा सुरळीत होईपर्यंतची दहा मिनिटं मला तासासारखी वाटली.

सावंतवाडीला एका मेकॅनिकने सगळं उलगडून सांगितलं. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसंच एसीच्या आत होतं. डॅशबोर्डच्या मागे एक थंड जाळी असते. दमट हवा तिच्यावरून गेली, की बाष्पाचं पाणी होतं आणि एका नळीतून गाडीखाली गळून जातं. पण गाडी बंद केल्यावर ती जाळी ओलीच राहते. अंधार, ओल, वर धूळ आणि पालापाचोळ्याचे कण. बुरशीला आणखी काय हवं? पुढच्या वेळी पंखा लावला, की तो वास थेट आपल्या नाकात. निरोगी माणूस नाक मुरडून सोडून देईल, पण बुरशीच्या कणांनी दमेकऱ्याचा दमा उसळू शकतो. म्हणून सुगंधाने हा वास झाकण्यात अर्थ नाही. ओल घालवायला हवी.

यातला सर्वांत सोपा उपाय फुकटचा आहे. मुक्कामाला पोचायच्या पाचेक मिनिटं आधी एसीचं बटण बंद करायचं, पण पंखा जोरात चालू ठेवायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची. जाळी बरीचशी सुकते. आतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण सारखं दाबून ठेवू नये. त्याने ओल गाडीतच घुटमळते आणि पावसात काचाही लवकर धुरकटतात. वास आधीच बसला असेल, तर मोकळ्या जागी काचा उघड्या टाकून, एसी बंद ठेवून, हीटर आणि पंखा दहा मिनिटं पूर्ण जोरात चालवावा. हे बंद गॅरेजमध्ये मात्र कधीही करू नका. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

दुसरी गोष्ट फिल्टरची. बऱ्याच गाड्यांत डावीकडच्या सीटसमोरच्या खणामागे हवेचा फिल्टर असतो. आमचा काढला तेव्हा चहाच्या गाळण्यासारखा काळपट आणि ओलसर निघाला. तो कागदी असेल तर धुऊ नये, बदलावा. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सरल्यावर बदलला तर बरं. पुढच्या काचेच्या तळाशी जाळीत अडकलेली पानंही हाताने काढून टाकावीत, कारण हवा तिथूनच आत जाते.

तिसरी गोष्ट, डावीकडच्या पायाखालचं मॅट उचलून बघा. खाली ओल लागली आणि एसी लावूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर पाण्याची नळी तुंबली असण्याचा संभव आहे. ते काम मेकॅनिकचं. जाळी धुण्याचा फेसही तो मारतो. त्या वेळी दमेकरी माणसाला दूर बसवावं आणि नंतर गाडी चांगली वारवावी. वास कुबट नसून गोडसर असेल किंवा जळका असेल, तर तो बुरशीचा नव्हे. गाडी ताबडतोब दाखवावी.

बाकीचं आपल्या हातातलं. धबधब्यावरून मुलं भिजून आली, की सीटवर प्लॅस्टिक आणि त्यावर जुना टॉवेल. मॅटखाली रद्दीचा जाड थर घालावा, कागद ओल शोषून घेतो. भिजला की बदलावा. ओल्या छत्र्या, मोजे रात्री गाडीत ठेवू नयेत. उघड्या वाटीत खाण्याचा सोडा ठेवला तर उरलासुरला वास ओढला जातो, मात्र गाडी निघण्याआधी वाटी काढून घ्या, नाहीतर पहिल्याच वळणाला सोडा सीटभर!

गणपतीला घाट उतरणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं, की मोदकांचं साहित्य बांधायच्या आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ गाडीसाठी काढा. फिल्टर, मॅट आणि ती नळी बघून घ्या. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना बसवण्याआधी काचा उघडून पाच मिनिटं पंखा चालवा, आणि पंप सामानाच्या तळाशी नको, हाताशी असू द्या.