वाईच्या घाटावरची सकाळ

सकाळी सातच्या सुमारास वाईचा गणपती घाट गजबजू लागतो. ढोल्या गणपतीच्या देवळातील घंटा, कृष्णेकाठी धुण्याचा आवाज, पायऱ्यांवर टेकलेली वडीलधारी मंडळी. माझे वडील, आमचे अण्णा, वयाच्या ८२व्या वर्षापर्यंत रोज याच वाटेने फिरत: घाट, देऊळ, मंडई, वाचनालय आणि घर. वाटेत चार ठिकाणी विचारपूस होई, भाजीचा हिशेब तोंडी होई.

एका पावसाळ्यात ते ओल्या पायरीवरून घसरले. हाड मोडले नाही. परंतु मुलगा आणि डॉक्टर अशा दुहेरी अधिकाराने मी त्यांचे बाहेर जाणेच बंद केले. पुन्हा पडणे टळले खरे, मात्र काही महिन्यांतच ते वार विसरू लागले, तेच ते प्रश्न विचारू लागले. एकदा म्हणाले, "बाहेर पडलं की बाजारचा दिवस कळतो रे. घरात सगळे दिवस सारखेच."

शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी ७१६ वृद्धांच्या मनगटावर यंत्र बांधून त्यांच्या दिवसभराच्या हालचाली मोजल्या. स्वयंपाक, भांडी घासणे हेदेखील त्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सर्वांत कमी हालचाल करणाऱ्या दहा टक्के व्यक्तींना अल्झायमर होण्याचे प्रमाण सर्वाधिक हालचाल करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. आजाराच्या प्रारंभीही हालचाल मंदावते, म्हणून यावरून एकच कारण ठरवता येत नाही. तरीही चालण्याने रक्ताभिसरण सुधारते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, आणि त्याचा लाभ मेंदूलाही मिळतो.

मी अण्णांची तपासणी करून घेतली आणि त्यांची वाट त्यांना परत दिली. पायात पकड असलेली पादत्राणे, हाती काठी, खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी, सोबतीला नातू. शेवाळलेल्या पायऱ्या मात्र वर्ज्य. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर थांबून डॉक्टरांना दाखवावयाचे.

त्यांचे विसरणे थांबले नाही. पण मंडईत पोहोचताच ते आजही भाववाढीवर वाद घालतात आणि आपल्या नेहमीच्या भाजीवालीला नावाने हाक मारतात.

घरातील वृद्धांना जपताना त्यांची वाट बंद करू नये. ती सुरक्षित करावी.