खोटा शेरा

गेल्या पावसाळ्यात आमचा जुना कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. मी कला शाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून. मला त्यातले काय कळणार? पण आईच्या आवाजातली धालोची गीते त्याच पेटीत होती, आणि आई आता नाही.

दुकानदार म्हणाला, "रात्रभर मेमटेस्ट चालवा." १९९४ साली ख्रिस ब्रेडी यांनी लिहिलेल्या मूळ प्रोग्रामची ही वंशावळ. रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहायचे, मग वाचून बघायचे. वेगळे निघाले की लाल ओळ. सकाळी बघतो तर लाल ओळी! "रॅम गेली, बदला," असा निकाल लागला.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढायला पेटी उघडली, तर पंखा धुळीने बुजलेला. तो साफ केला आणि एकेक पट्टी लावून चाचणी घेतली. दोन्ही वेळा चूक अगदी त्याच पत्त्यावर! दोन पट्ट्या एकाच घरात कशा कुजतील?

शोधता शोधता उलगडा झाला. यूएसबी कीबोर्ड जुन्या पद्धतीचा भासावा म्हणून बायोस मेमरीचा एक कोपरा वापरत होता. मेमटेस्टने लिहिलेल्यावर तो आपले लिहून जाई. बायोसमधली ती सोय बंद केली, शेजाऱ्याकडून जुना गोल पिनचा कीबोर्ड आणला आणि पुन्हा रात्रभर चाचणी घेतली. एकही चूक नाही. कॉम्प्युटर बंद पडायचा तो त्या धुळीमुळे, तापून.

म्हणजे रॅम काही विसरली नव्हती. शेवटी जे लिहिले गेले, तेच तिने इमानाने सांगितले होते.

मंडळी, तेव्हापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. फार वर्षांपूर्वी आवक नोंदवहीतली एक नोंद जुळेना, म्हणून मी एका कनिष्ठ सहकाऱ्याविरुद्ध टिपण लिहिले होते. नंतर कळले, ती नोंद दुसऱ्या विभागाने रीतसर दुरुस्त केली होती. मेमो रद्द झाला, पण तो माझ्याशी पूर्वीसारखा कधी बोलला नाही.

प्रत्येक लाल ओळ खोटी नसते. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी बदलावीच. पण जागेलाच चिकटून राहिली, तर तिथे आणखी कोणाचा हात फिरतो का, ते आधी पाहावे.

आईची गीते शाबूत आहेत. त्या सहकाऱ्याला मात्र अजून फोन केलेला नाही. या चतुर्थीला करीन म्हणतो.