बेस, टॉप आणि हलगी : काही टिपणे

वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात लग्नसराई लागली की डीजेवाल्याकडे फर्माइशी येतात त्या अशा : "भाऊ, आराधी लावा." "आता संबळ येऊ द्या." "हलगी, हलगी!" मग कुणीतरी ट्रान्स मागतो. गाण्याचं नाव क्वचितच निघतं. पोट्ट्यांना चाल हवी असते आणि ती कोणत्या नावानं मागायची हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आराधी मिक्स, संबळ मिक्स, हलगी मिक्स, ढोल मिक्स, बंजारा मिक्स, साउंड चेक. जगभरच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात ज्यांना उपप्रकार म्हणतात, ते हेच. ही यादी वरातीत नाचता नाचता तयार झाली आहे, म्हणून मला ती मोलाची वाटते.

*

उपप्रकार ओळखण्याच्या दोन मुख्य खुणा. मिनिटाला ठोके किती, आणि किक, म्हणजे तो पोटात बसणारा ठोका, कुठे पडतो. हाउस संगीतात १२० ते १३० ठोके आणि प्रत्येक मात्रेवर किक. सायट्रान्स १४०च्या आसपास आणि वर. ड्रम अँड बेस १७०च्या पुढे, पण तिथली किक तुटक असते, त्यामुळे नाचणारा निम्म्या लयीतही झुलू शकतो. बाकी सगळी सजावट. चाल बदलली की पाऊल बदलतं, आणि पाऊल बदललं की नव्या नावाची गरज पडते.

*

केरवा हा ताल आठ मात्रांचा. त्याच्याखाली चार किक ठेवल्या की तो चपखल बसतो. म्हणून कितीतरी भजनं, भीमगीतं, सिनेगीतं सहज मिक्स होतात. कस लागतो तो दादऱ्याच्या सहा मात्रांत. कोळीगीतांत ही चाल आहे, इतर लोकगीतांतही आहे. इथे किक पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवायची आणि मधली जागा हलगीला किंवा संबळाला मोकळी सोडायची. मग वरचं वाद्य तीन-तीनच्या झुपक्यांत धावतं, खालचा ठोका सरळ चालतो आणि त्या दोघांच्या ओढाताणीत नाचणाऱ्याला खरी मजा येते. नवशिका मुलगा सहाचं गाणं ओढूनताणून चारात कोंबतो आणि गाणं लंगडतं. मुरलेला मुलगा गाण्याला हात लावत नाही, किक हलवतो. तालशास्त्राची ही समज आहे. ती संगणकापुढे बसून, कानानं कमावलेली आहे, एवढाच फरक.

*

१९८२. हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून एक तबकडी केली : 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललित, मधुवंती, मेघमल्हार, यमन, मालकंस आणि त्यांच्याखाली अखंड चालणारा यंत्राचा ठोका. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटारची उणीव भरून काढायला बनवलेलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि रागदारीला तेच हवं होतं. याच यंत्राचा चिरका, वळणारा आवाज घेऊन शिकागोतल्या फ्यूचर या गटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ साली आलं आणि ॲसिड हाउस हा प्रकार जगानं मान्य केला. शिकागोवाल्यांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असं कुणी म्हणत नाही. दोन्हीकडे यंत्र एक, वाटा वेगळ्या. फरक पडला तो पुढे. शिकागोत नाचणारे होते, रात्री होत्या, नाव होतं. मुंबईच्या तबकडीला यातलं काहीच मिळालं नाही. २०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा कुठे लोकांचे डोळे विस्फारले. चरणजित सिंग २०१५ साली गेले. वेळेवर नाव न मिळालेलं संगीत किती वर्षं अंधारात पडून राहतं, याचं आपल्याच घरातलं हे उदाहरण.

*

गोव्याची कथा याच्या उलट. हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या रात्रींतून घडलेल्या ट्रान्सला १९९०च्या दशकात थेट गावाचंच नाव मिळालं : गोवा ट्रान्स. त्यातून पुढे सायट्रान्स वाढला आणि इस्रायलपासून ब्राझीलपर्यंत पोचला. २००७ च्या डिसेंबरात कांदोळीला सनबर्न महोत्सव सुरू झाला, २०१६ साली तो पुण्याकडे आला.

वाशिमच्या मुलांपर्यंत ट्रान्स पोचायला या महोत्सवाच्या तिकिटाची गरज पडली नाही. तो साउंड चेकच्या वाटेनं आला. नवे बेस, नवे टॉप, म्हणजे स्पीकरचे खोके, तपासायला लांबलचक, सुरांचे झोत सोडणारे तुकडे लागतात. ट्रान्सचे तुकडे त्या कामाला उत्तम. तपासणीसाठी वाजवलेलं लोकांना आवडलं आणि लोक थांबून ऐकू लागले. आता साउंड चेक हा स्वतंत्र प्रकार आहे : मध्ये सिनेमातला संवाद, मग क्षणभर शांतता, मग बेस.

*

'तांबडी चामडी' २०२४ साली नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून निघालं. संगीत क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे यांचं, आवाज श्रेयस सागवेकर यांचा. क्रेटेक्स आपल्या शैलीला मराठी हाउस म्हणतात. मला इथे दोन गोष्टी फार आवडतात. पहिली, त्यांनी मराठी शब्दांची लय ठोक्याच्या हवाली केली नाही. आपल्या बोलण्यातले जोडाक्षरांचे आघात, टकारा-डकारांची खणखण, हेच तालवाद्य म्हणून वापरलं. दुसरी, त्यांनी नाव दिलं. मराठी हाउस म्हटल्याबरोबर दुसऱ्या कुणालाही त्यात भर घालता येते, वाद घालता येतो, वऱ्हाडी हाउस करून पाहता येतं.

*

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग-प्रिटोरियाभोवतीच्या वस्त्यांत अमापियानो जन्मला. लय ११० ते ११५ची, संथ, आणि मधूनमधून लाकडी ओंडक्यावर पडावा तसा घुमणारा बेस. त्याला लॉग ड्रम म्हणतात. हा आवाज एफएल स्टुडिओ या संगणक-प्रणालीतल्या एका तयार वाद्यातून निघाला. ही प्रणाली बेल्जियमची, १९९०च्या दशकाच्या अखेरीची, आणि रिसोड-वाशिमकडे मिक्स करणारी मुलंही बहुधा हीच वापरतात. टांझानियात दार-एस-सलामच्या मुलांनी सिंगेली केला, मिनिटाला २०० ठोके ओलांडणारा. दोन्ही प्रकार आधी टॅक्सीत, मोबाइलवर, गल्लीतल्या समारंभांत पसरले. मोठे महोत्सव त्यांच्या दारी नंतर आले. साधनं तीच, परिस्थिती जवळपास तीच. मग आराधी मिक्सच्या दारी जगानं का येऊ नये? मी हा प्रश्न मनापासून विचारतो आहे.

*

आराधी मेळ्यात देवीची गाणी, संबळ, तुणतुणं, झांज. गाणाऱ्या बायकांचा आवाज मोकळा, वरच्या पट्टीतला, न घासलेला. मिक्समध्ये हा आवाज बेसच्या फार वर राहतो आणि मधला पट्टा रिकामा असतो. त्या रिकाम्या जागेत संबळ बसतो. कुठल्याही स्टुडिओनं हेवा करावा अशी ही मांडणी आहे.

*

वाशिम जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ. होळीच्या लेंगी गीतांना आता डीजेचा ठोका मिळाला आहे आणि गोर बोलीतली नवी गाणी थेट नाचासाठीच लिहिली जातात. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय खुलं झालं. त्या इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा आहे. ज्या समाजानं वाद्यालाच वास्तू केलं, त्याचं आजचं नाचाचं संगीतही त्या वारशाचा भाग धरावं. नंगारा काचेआड आणि बंजारा मिक्स रस्त्यावर, अशी वाटणी होऊ नये.

*

मिक्समध्ये दर मिनिटाला एक आवाज मोठ्यानं डीजेचं नाव सांगतो. ठीक आहे, त्याची मेहनत आहे. पण हलगी कुणी वाजवली? मूळ गायिका कोण? गाणं कुणाचं? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत वामनदादा कर्डकांचे शब्द बेसवर दुमदुमतात, आणि नाचणाऱ्या किती पोरांना वामनदादांचं नाव माहीत असतं? १९२२ ते २००४ असं आयुष्य जगलेला हा कवी गावोगाव फिरून गात राहिला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का केला, पण गल्लीतल्या मिक्सपर्यंत कायद्याचा हात पोचत नाही. तिथे माणसाची सचोटी पोचू शकते. मिक्सच्या नावाखाली दोन ओळी लिहायला पैसे लागत नाहीत.

*

आवाजाबद्दल स्पष्टच लिहितो. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. ८५ डेसिबलला कान आठ तास तग धरतो असं मानलं, तर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. डीजेच्या गाडीमागे नाचणारी पोरं आणि गाडीवर बसलेला ऑपरेटर तासन् तास तिथेच असतात. पन्नास हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. ती भिंतीला जुमानत नाही, घरातल्या आजारी माणसापर्यंत जाते.

आणि यात संगीताचंही नुकसान आहे. चांगल्या मिक्समध्ये किक पडते तेव्हा बेस क्षणभर खाली घेतलेला असतो, म्हणून किक ठळक ऐकू येते. हे सगळं कसब आवाज फाटला की मातीमोल होतं. ज्याला आपल्या मिक्सचा अभिमान आहे, त्यानं आवाज आधी कमी करावा. हलगीचं कातडं कसं बोलतं, हे तेव्हाच ऐकू येईल.

*

यूट्यूबवरचे चॅनल हक्काच्या तक्रारीवरून बंद होतात, पेनड्राइव्ह हरवतात, मोबाइल फुटतात. कॅसेटच्या काळातलं निदान वेष्टण उरायचं. म्हणून एक काम सुचवतो, आणि ते गावातली कॉलेजात जाणारी मुलं सहज करू शकतात. प्रत्येक मिक्ससाठी सहा गोष्टी लिहून ठेवा : गाणं, गीतकार, गायक, ताल आणि मिनिटाचे ठोके, वाजवलेली वाद्यं नि वादक, मिक्स करणाऱ्याचं नाव-गाव-साल. रिठदपासून सुरुवात करा, मग रिसोड, मग वाशिम. पाच वर्षांत वऱ्हाडच्या नृत्यसंगीताचा पहिला विश्वासार्ह दस्तऐवज हाती येईल. पुढे कुणी अभ्यासक विचारील की आराधी मिक्स कुठे, कसा घडला, तेव्हा उत्तर आपल्या गावच्या लोकांनी, आपल्या भाषेत लिहिलेलं असेल.